‘ध्वनिवेडा’ यांना उत्तर: रिसिव्हर कुलूप उघडतो, उघडतोच

ध्वनिवेडा, नमस्कार.

होम थिएटर रिसिव्हर (प्लेअर आणि टीव्हीच्या मध्ये बसून स्पीकर चालवणारा डबा) आणि एचडीसीपी (कॉपी होऊ नये म्हणून चित्र-आवाजाला लावलेलं सांकेतिक कुलूप) यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “रिसिव्हर काहीही उघडत नाही, आलेला सिग्नल जसाच्या तसा टीव्हीकडे ढकलतो. स्टँडबायवर ठेवला तरी चित्र येतंच की! अर्धवट माहितीवर लेख पाडू नका. आधी केबल बदलून पाहिलीत का?” शिवाय एके ठिकाणी ‘एचडीसीपी २.२’च्या जागी माझ्याकडून ‘एचडीएमआय २.२’ (ही तर केबलच्या जोडणीची आवृत्ती) पडलं, तेही दाखवलंत. ते मान्य. पहिलं २०१३चं, दुसऱ्याची घोषणाच २०२५ची. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘पाडू नका’? जिलब्या पाडतात हो, लेख लिहावे लागतात. टोपणनावाआडून असं लिहायला काही लागत नाही. मी १९९४ पासून सोल्डरिंगचा धूर खातोय. पुण्यातल्या तपकीर गल्लीत कुठल्या दुकानात कुठला आयसी मिळेल, हे मला आजही झोपेत विचारा.

आता ते ‘जसाच्या तसा’. रिसिव्हरचा आवाज वाढवलात की चित्रावर आकड्याची पट्टी येते ना? ती कोण काढतं? रिसिव्हरच. कुलूपबंद चित्रावर पट्टी काढता येत नाही. आधी ते उघडावं लागतं. आणि आवाज? एचडीएमआयमध्ये तो चित्राच्याच प्रवाहात, त्याच कुलपात असतो. कुलूप उघडलं नाही तर डॉल्बी ट्रूएचडीचा आवाज स्पीकरपर्यंत जाणार कसा? म्हणून एचडीसीपीच्या भाषेत रिसिव्हर हा ‘रिपीटर’: प्लेअरकडून आलेलं उघडायचं, टीव्हीकडे जाताना नव्याने बंद करायचं. शिवाय पुढे कोण कोण जोडलंय त्याची यादी प्लेअरला कळवायची. एचडीसीपीच्या जुन्या १.४ आवृत्तीत या यादीसाठी प्लेअर ५ सेकंदांपर्यंत थांबतो, २.२मध्ये ३. इनपुट बदलल्यावर पडदा काळा राहतो, त्यात हाही वेळ असतो.

स्टँडबायचं म्हणाल तर डिस्प्ले विझला म्हणजे रिसिव्हर मेला असं नाही. पास-थ्रू (स्टँडबायमध्येही सिग्नल पुढे देण्याची सोय) चालू असताना एचडीएमआयची चिप जागीच असते. वरच्या जाळीवर हात ठेवून बघा, कोमट लागेल. हात ठेवायचे कष्ट घेतले असतेत तर ही प्रतिक्रिया लिहावीच लागली नसती.

पुस्तकी वाटत असेल तर घरचंच सांगतो. मेव्हण्याच्या हॉलमध्ये नवा फोर-के टीव्ही, फोर-के डिस्कचा प्लेअर आणि मध्ये रिसिव्हर. चित्र मात्र १०८०पीच्या वर जाईना. मेव्हणा म्हणे, प्लेअर परत करू. मी रिसिव्हरच्या मागे टॉर्च मारला, तर दुसऱ्या आउटपुटमधून एक वायर बेडरूमकडे गेलेली. तिकडे २०११चा टीव्ही, एचडीसीपी १.४वाला; फोर-के डिस्कला तर २.२ लागतं. ती वायर उपटली. पडदा दोन-तीन सेकंद काळा, मग फोर-के! बेडरूममधल्या म्हाताऱ्या टीव्हीची चहाडी प्लेअरकडे कोणी केली? नुसता ढकलणारा असं करतो का?

बाकी मुद्दे, म्हणजे स्प्लिटर (एक सिग्नल दोन टीव्हींना वाटणारा डबा) लावा, ईआर्कने (टीव्हीतला आवाज एचडीएमआयनेच रिसिव्हरकडे परत आणण्याची सोय) रिसिव्हर मधून काढून टाका वगैरे, माझ्या लेखाचा विषयच नव्हते. ईआर्क चांगलाच आहे, पण त्याने रिसिव्हर कुलूप उघडतो की नाही हे ठरत नाही. २०१०मध्ये एचडीसीपीची मूळ चावी फुटल्याचं जे आपण शेवटी घुसडलंत, तेही जुन्या १.x पुरतं. २.२ला त्याचं काही नाही.

आणि हो, केबल. लेखातल्या माझ्याच घरच्या त्या लुकलुकणाऱ्या चित्रासाठी केबल बदलून पाहिली होती का, असं विचारलंत. नाही पाहिली. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर माणसाला केबल कुठली खराब हे नुसतं बघून कळतं.