टीम बनते ती खालच्या फेऱ्यांत

२३ जुलै २०१७, रविवार. मुंबईत आयएसएलचा, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा, प्लेअर ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायचे) चालू होता आणि मी घरी एका हातात फोन, पुढ्यात शंभरपानी वही घेऊन बसलो होतो. एकेक नाव उचललं गेलं की खोडायचं. बायको म्हणाली, "कुणाच्या लग्नाची यादी चाललीये?"

ड्राफ्ट म्हणजे लिलाव, असं अजूनही बरेच जण धरून चालतात. लिलावात ज्याचा खिसा मोठा त्याचा खेळाडू. इथे किंमत आधीच ठरलेली. आपली पाळी आली की नाव सांगायचं, बस. तुम्ही डोळा ठेवलेला पोरगा आधीच्याने नेला तर चडफडत दुसरा शोधायचा. म्हणजे गृहपाठ कुणी केलाय ते इथे लगेच कळतं.

सगळ्यात पहिलं नाव गेलं अनस एडाथोडिकाचं. क्लब जमशेदपूर, किंमत १ कोटी १० लाख. पूर्वी आपल्या पुणे एफसी क्लबकडून खेळून गेलेला हा डिफेंडर, त्यामुळे ग्रुपवर दिवसभर तोच विषय. पुढे काय झालं? दुखापतींमुळे तो मोसमात फारसा खेळलाच नाही, आणि पुढच्या वर्षी केरळ ब्लास्टर्स क्लबकडे गेला.

त्याच जमशेदपूरने खालच्या फेरीत जेरी माविहमिंगथंगाला घेतलं. मिझोरामचा, वय जेमतेम वीस, तयार झाला आपल्या पुण्यात, शिवाजीयन्स क्लबकडे. जानेवारी २०१८ मध्ये केरळविरुद्ध त्याने २३ व्या सेकंदाला गोल मारला. तोवरचा आयएसएलमधला सगळ्यात वेगवान गोल! लोक अजून खुर्च्या शोधत असतील.

आयएसएलमधला आपला पुण्याचा संघ, पुणे सिटी, त्यानेही एक काम झकास केलं होतं: गोव्याचा आदिल खान. नाव मोठं नव्हतं. पण बालेवाडीत कॉर्नर मिळाला की हा मागून संथपणे चालत पुढे यायचा, आणि आमच्या स्टँडमधली माणसं चहाचा कप खाली ठेवून उभी राहायची. त्या मोसमात आपण चौथे आलो, पहिल्यांदाच सेमीफायनल. गोल मार्सेलिन्हो-अल्फारो या आपल्या फॉरवर्ड जोडीने मारले हे खरंच, पण मागे खिंड लढवायला माणूस लागतोच की.

तो ड्राफ्ट शेवटचाच ठरला. आता क्लब थेट करार करतात. खेळाडूच्या बाजूने बघितलं तर बरंच झालं. कुठल्या गावात राहायचं हे दुसऱ्याने का ठरवावं? अमेरिकेतल्या महिलांच्या फुटबॉल लीगनेही २०२४ मध्ये ड्राफ्ट मोडीत काढला. मला हे पटतं. तरी एक खुपतं: ड्राफ्ट होता तेव्हा क्लबला दोनशेच्या वर नावं चाळावी लागायची. आता एजंटने पुढे केली तीच चार नावं बघून काम भागतं.

२०१९ मध्ये पुणे सिटीच बंद पडली. वही परवा माळ्यावर सापडली. जेरीच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: "लहान आहे, नको."