नाट्यवर्गातला मैत्रीगट खरा सुरू व्हायला पाहिजे

गेले काही दिवस बेळगावातल्या पालकांच्या एक-दोन ग्रुपवर माझ्याबद्दल चर्चा चाललीय. "त्या टीचर पोरांना नको ते शिकवतात" असा सूर आहे. कारण माझ्या नाट्यवर्गात समलिंगी आणि बाकीच्या मुलांच्या मैत्रीगटाचा विषय निघाला. माझं म्हणणं काय ते इथं सविस्तर लिहिते. पटलं नाही तर जरूर भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी आठवी ते दहावीच्या मुलांचा नाट्यवर्ग घेते. शहापूर, वडगाव, येळ्ळूर, सांबरा, कुठून कुठून मुलं येतात. मराठी माध्यमाची जास्त, काही कन्नड आणि इंग्रजी माध्यमाची. पाठ केलेली नाटकं आम्ही कमी करतो. मुलांनी मिळून एक काल्पनिक हायस्कूल उभं केलंय. त्याला गाव आहे, हेडमास्तर आहेत, एसडीएमसी म्हणजे शाळेची देखरेख समिती आहे, शिपाई आहे. प्रत्येकाकडे वर्षभर एकच भूमिका. संवाद लिहिलेले नसतात, प्रसंग तेवढा ठरतो. मग ज्यानं त्यानं आपल्या पात्राच्या डोक्यानं विचार करून बोलायचं.

यंदा नववीतल्या एका मुलीनं खेळात हेडमास्तरांकडे रीतसर अर्ज दिला. समलिंगी मुलं आणि बाकीची मुलं यांचा मिळून एक मैत्रीगट शाळेत सुरू करायला परवानगी मिळावी, असा. मी सुचवलेलं नव्हतं, तिनं कुठंतरी वाचलं होतं. हेडमास्तर झालेल्या मुलीनं लगेच एसडीएमसीची बैठक लावली आणि मुलं जी बोलायला लागली ती थांबेनात. "हे बेंगळूर-मुंबईचं खूळ इथं नको." "दहावीच्या निकालाचं कोण बघणार?" "गावात तोंड कसं दाखवायचं?" एकेकाच्या तोंडून त्याच्या घरातली बैठकीची खोली ऐकू येत होती. तेवढ्यात शिपायाची भूमिका करणारा मुलगा पुढं आला. त्याला बैठकीत बोलायचा अधिकारच नाही, चहा द्यायला आलेला. नसलेला ट्रे त्यानं नसलेल्या टेबलावर जपून ठेवला आणि विचारलं, "साहेब, या गटात यायला तसं असावं लागतंय काय?"

बैठक थांबली. सगळ्या वादाची किल्ली त्या प्रश्नात आहे, आणि त्याचं उत्तर आहे: नाही, लागत नाही.

असे गट अमेरिकेत सुरू झाले तेच या उत्तरावर. १९८८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड अकॅडमीत केव्हिन जेनिंग्ज नावाचे इतिहासाचे शिक्षक होते, स्वतः समलिंगी. त्यांच्याकडे हा विषय घेऊन आलेली विद्यार्थिनी मात्र समलिंगी नव्हती. तिची आई समलिंगी होती, आणि शाळेत जे बोललं जायचं ते त्या मुलीला सहन होत नव्हतं. म्हणून गट दोघांचा झाला, ज्यांच्यावर बोललं जातं त्यांचा आणि ज्यांना ते ऐकवत नाही त्यांचा.

आता हे आपल्या गावाला लावून बघा. बेळगाव मोठं झालंय म्हणतो आपण, पण गणपत गल्लीतून टिळकवाडीला जाईपर्यंत वाटेत दोन पाहुणे भेटतात आणि तिसरा घरी फोन करून सांगतो की तुमचं पोरगं दिसलं. मोठ्या शहरातल्या मुलाला निदान गर्दीत हरवता येतं, इथल्या मुलाला ती सोय नाही. अशा ठिकाणी फक्त समलिंगी मुलांसाठी खोली उघडली तर उंबरा ओलांडणं म्हणजेच सगळ्या गावाला सांगणं झालं. कोण येईल? पण त्याच खोलीत कबड्डीच्या संघातला मुलगा, वर्गाची मॉनिटर, कुणाचा तरी चुलतभाऊ, असे सगळे बसलेले असले, तर तिथं जाण्यावरून कुणाबद्दल काहीच कळत नाही. जितकी इतर मुलं जास्त, तितका घाबरलेल्या मुलाला आडोसा जास्त.

एक वडील मला कळवळून म्हणाले, "टीचर, आमचं पोरगं तसलं नाही, खरं त्याला त्यात घालू नकासा." त्यांना मी तेव्हा सांगितलं तेच इथं सांगते. तुमच्या मुलासारखीच मुलं मला तिथं पाहिजेत. त्याच्या शेजारच्या बाकावर कोण बसतं हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, आणि ते माहीत करून घ्यायची गरजही नाही.

भूमिका करता करता मूल तसं होईल, ही भीती बऱ्याच जणांनी बोलून दाखवली. ज्या मातीत आपण हे बोलतोय तिचा इतिहास तरी आठवा. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या नावाच्या नाटक मंडळीत १९०५ साली बालगंधर्व आले आणि पुढं पन्नाशीनंतरही स्त्रीभूमिका करत राहिले. तेव्हाच्या बायकांनी त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची फॅशन उचलली. शालू नेसल्यामुळं ते बाई झाले नाहीत. समलिंगी मुलाची भूमिका करून कुणी समलिंगी होत नाही, आणि जो आहे तो राजाची भूमिका करून बदलत नाही.

भूमिकेनं मूल बदलत नाही, पण दुखावू मात्र शकतं. स्नेहसंमेलनात मुलाला साडी नेसवून कंबर हलवायला लावायची आणि टाळ्या घ्यायच्या, हे आपल्याकडं दरवर्षी चालतं. प्रेक्षकांत बसलेलं एखादं मूल त्या वेळी काय गिळत असेल! म्हणून आमच्या वर्गात कुणाच्या चालण्या-बोलण्याची नक्कल हशा मिळवायला करायची नाही. "बायल्या" हा शब्द पात्राच्या तोंडी आला, तरी प्रसंग संपल्यावर त्याच्यावर बोलायचं. अशी भूमिका कुणावर लादायची नाही, आणि ती आवडीनं करणाऱ्याला "तू का घेतलीस?" असं विचारायचं नाही. शेवटी गोलात उभं राहून प्रत्येकानं स्वतःचं खरं नाव मोठ्यानं सांगायचं, म्हणजे पात्र तिथंच उतरतं.

पालकांमध्ये दोन गोष्टींबद्दल फार गोंधळ आहे. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागूच आहे. तेव्हा हा गट जोड्या जमवायला नाही. चिडवणं थांबवायला, ऐकून घ्यायला आणि एकटं पडलेल्या मुलाच्या बाजूला बसायला आहे. दुसरं म्हणजे "डॉक्टरला दाखवा, बरं होईल." जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. अशा मुलांना "बदलण्याचे" उपचार हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ साली सांगितलं. देवऋष्याकडं नेणाऱ्यांना काय सांगायचं ते सौंदत्तीच्या डोंगरावर जाणाऱ्यांनीच मला सांगावं. यल्लम्माच्या नावानं साडी नेसणाऱ्या जोगप्पाच्या पाया पडून भंडारा कपाळाला लावायचा आणि खाली उतरल्यावर गल्लीतल्या एखाद्या मुलाला त्याच्या चालीवरून दगड मारायचे, हे कुठल्या भक्तीत बसतं? प्रत्येक समलिंगी मूल जोगप्पा नसतं, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण वेगळ्या माणसाला मान द्यायची सवय आपल्याकडं होती, एवढं खरं.

"अशी मुलं असून असून किती असणार?" हाही प्रश्न आला. भाषिक अल्पसंख्याक म्हणून पंधरा टक्क्यांचा निकष दाखवत मराठीतून परिपत्रकं मागणारी माणसं आपण. ती मागणी मी स्वतः मोर्चात जाऊन केलीय आणि करत राहीन. पण मूल एकच असलं तरी त्याला वर्गात सुखानं बसता आलं पाहिजे, तिथं टक्केवारी लावू नका.

शाळांना भीती वादाची वाटते, ते मला कळतं. १९९६ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या शिक्षण मंडळानं असा एक गट होऊ नये म्हणून अभ्यासक्रमाबाहेरची सगळीच विद्यार्थी मंडळं बंद केली. एकट्याच गटाला नकार देणं कायद्यात बसत नव्हतं. चार वर्षांनी ती बंदी उठली, पण तोवर तिथल्या मुलांची मंडळं गेलीच होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हा गट नाट्यवर्गाला जोडूनच खरा सुरू करायचा असं मी ठरवलंय. खोली तीच, वेळ तीच, म्हणजे वेगळं काही सांगून घरातून निघावं लागणार नाही. हजेरीपट नाही. फोटो नाहीत, ग्रुपवर तर नाहीतच. कुणी काही सांगितलं तर त्याच्या परवानगीशिवाय घरी कळवायचं नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी अत्याचार करत असेल तेव्हाच गोष्ट बाहेर जाईल, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं जाईल. भिंतीवर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलीमानसचा १४४१६ हे दोन नंबर लावणार आहे.

पालकांना यायचं असेल तर जूनच्या आधी कुठल्याही शनिवारी वर्गानंतर या, मी थांबते. आणि मला कन्नडमधून सहज बोलणारे एक शिक्षक किंवा शिक्षिका सोबतीला पाहिजेत. माझं कन्नड बाजारापुरतं आहे, आणि रडवेल्या मुलाला मनातलं सांगताना माझ्यासाठी भाषा बदलावी लागू नये. कुणी तयार असेल तर मेसेज करा.