खुलासा : शेणातला भुंगा म्हणजे हुमणी नव्हे

लातूर-धाराशिवकडच्या शेतकरी ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘शेणाचे गोळे लोटणाऱ्या भुंग्यांपासूनच हुमणी होते, शेणावर औषध फवारा.’ हे चुकीचं आहे. हुमणी म्हणजे पिकांची मुळं खाणारी पांढरी अळी. तिचा भुंगा आणि शेण लोटणारा शेणकिडा एकाच कुळातले, एवढंच खरं. हुमणीचा भुंगा वळवाच्या पावसानंतर सांजेला जमिनीतून निघतो, कडुलिंब-बाभळीचा पाला खातो. मारायचा तर तिथं, फांद्या हलवून. त्याची अळी ऊस-सोयाबीनची मुळं कुरतडते. शेणकिड्याची अळी पुरलेल्या शेणगोळ्यातच वाढते, मुळांना शिवतही नाही. उलट या किड्यांमुळं शेण जमिनीत मुरतं, माश्या घटतात. ऑस्ट्रेलियानं तर १९६० च्या दशकात हे किडे मुद्दाम बाहेरून नेले! उकिरड्यातल्या पांढऱ्या अळ्यांत मात्र हुमणी असू शकते. शेणखत बघूनच टाका. तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका.