मोठं इंजिन, मोठा आवाज, पडल्याची खूण : यात रायडर कुठे आहे?

खरा रायडर कोण, हे सांगणारा एक मजकूर कित्येक वर्षं हातोहात फिरतो आहे. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. खऱ्या रायडरच्या गाडीचं इंजिन मोठं असतं. तिचा आवाज लांबून ओळखू येतो. तो हाताने क्लच दाबून गिअर टाकतो, स्कूटरला हात लावत नाही. तो कधीतरी पडलेला असतो आणि अंगावर तशी खूण असते. त्याला भीती वाटत नाही. तो हजारो किलोमीटर फिरलेला असतो. तो पुरुष असतो, हे तर लिहायचीही गरज कुणाला वाटत नाही. उरलेले सगळे नुसते गाडीवर बसणारे.

हा मजकूर मला धोक्याचा वाटतो. नुकतीच गाडी हातात आलेली मुलं तो वाचतात आणि आपण काय शिकायचं, हे त्यावरून ठरवतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

आधी एक माप हातात घेऊ. हॅरी हर्ट हे अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा घटनास्थळी जाऊन अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. नेहमीच्या अपघातात धोका समोर आल्यापासून आदळेपर्यंत रायडरच्या हाती दोन सेकंदांहून किंचित कमी वेळ असतो, असं त्यांना आढळलं. ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी सुमारे ३३ मीटर पुढे जाते. रायडर कोण, हे ठरतं ते या ३३ मीटरमध्ये. यादीतली प्रत्येक गोष्ट तिथे काय कामाला येते, एवढाच माझा प्रश्न आहे.

इंजिन मोठं हवं

त्याच अहवालात धोका उद्भवला त्या क्षणीचा वेगही नोंदवला आहे. त्याचा मध्यांक ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे निम्म्या अपघातांत गाडी याहून हळू चालली होती. हा वेग लहानातली लहान गाडीही सहज गाठते. ज्या वेगात माणसं आदळत होती, त्या वेगात इंजिनाच्या सीसीने काहीही ठरत नव्हतं.

होंडाने १९५८ मध्ये सुपर कब आणली तेव्हा तिचं इंजिन ५० सीसीलाही पोचत नव्हतं. २०१७ पर्यंत या मालिकेच्या १० कोटी गाड्या बनल्या. एवढ्या संख्येने बनलेलं दुसरं मोटारवाहन नाही. पावसापाण्यात टपाल, औषधं, भाजी, शाळेतली पोरं पोचवणारी ही गाडी चालवता चालवता ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना रायडर म्हणायचं नाही आणि महिन्यातून एका रविवारी हजार सीसीची गाडी बाहेर काढणाऱ्याला म्हणायचं, हे मला पटत नाही.

क्लच आणि गिअर हवेत

सुपर कबला गिअर होते, पण हाताचा क्लच नव्हता. एका हातात सामान धरून दुसऱ्या हाताने चालवता यावी, अशी ती मुद्दाम घडवली होती. २०१० पासून त्याच कंपनीच्या मोठ्या मोटरसायकलीही आपोआप गिअर बदलणाऱ्या मिळतात. क्लच हाताळण्यात गंमत आहे, मला ती फार आवडते. पण ती माझी आवड झाली. तेवढ्यावरून दुसऱ्याची लायकी ठरवता येत नाही. दोन सेकंदांत क्लच कुणाला वाचवत नाही. वाचवतो तो ब्रेक, आणि त्याबद्दल यादीत एक अक्षर नाही.

आवाज लांबून ऐकू यायला हवा

मोकळा सायलेन्सर जीव वाचवतो, असं यामागचं समर्थन असतं. सायलेन्सरचं तोंड मागे असतं, तेव्हा सगळ्यात जास्त आवाज जातो तो मागे. हर्ट यांच्या अभ्यासात तीनचतुर्थांशाहून जास्त धोके समोरच्या बाजूला, सरळ रेषेच्या डावी-उजवीकडे ४५ अंशांच्या आत होते. आडवी वळणारी मोटार समोर असते. तिच्या बंद काचांआड आपला आवाज पोचतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. मागे राहिलेल्या लोकांची झोप मात्र मोडते. दिवसा लावलेला दिवा, उजळ रंगाचं जाकीट आणि मोटारचालकाच्या नजरेच्या टापूत राहणं, याचा खरा उपयोग होतो.

पडलेला असायला हवा

इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण ही ओळ मीही बरीच वर्षं खरी मानली.

मला गाडी माझ्या आतेभावाने शिकवली. त्याचा पहिला धडा होता, 'पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटा होशील.' तो जीव लावून शिकवत होता, त्यालाही कुणीतरी तसंच शिकवलं होतं. वर्षभराने ओल्या रस्त्यावर एक मोटार आडवी आली. मी सगळा जोर मागच्या ब्रेकवर दिला, मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी झाली आणि मी तिच्यासोबत घसरत गेलो. कोपराला खूण राहिली. पुढे ती खूण मी मोठ्या अभिमानाने दाखवायचो आणि सांगायचो, 'गाडी आडवी टाकली म्हणून वाचलो.'

हे खरं नव्हतं. कोरड्या रस्त्यावर टायरचं रबर जेवढी पकड देतं, तेवढी आडव्या गाडीचं धातू-प्लास्टिक देत नाही. आडवी पडलेली गाडी उभ्या गाडीपेक्षा जास्त लांब जाते. शिवाय ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं. पुढचा टायर रस्त्याला घट्ट चिकटतो आणि मागचा हलका होतो. थांबण्याची बहुतेक ताकद म्हणूनच पुढच्या ब्रेकमध्ये असते. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० ला दोन्ही ब्रेक नीट लावले, तर सावध होण्यातलं एक सेकंद धरूनही गाडी साधारण ३४ मीटरमध्ये उभी राहते. नुसत्या मागच्या ब्रेकवर त्याहून वीस-पंचवीस मीटर जास्त लागतात. आधीचा ३३ मीटरचा आकडा आठवा. जोरात आदळणं आणि जवळपास उभं राहणं यातलं अंतर हातापायांच्या या सवयीत आहे.

पुढचा ब्रेक एकदम आवळला तर चाक जाम होऊन माणूस पडतो, ही आतेभावाची भीती निराधार नव्हती. त्यावरचा उपाय म्हणजे बोटांनी आधी हलकेच दाबायचं, वजन पुढे येऊ द्यायचं आणि मग जोर वाढवत न्यायचा. हे सांगून येत नाही, शेकडो वेळा करून हाताला लागतं. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर तो मोठा आधार आहे, पण तोही पुढचा ब्रेक दाबल्यावरच कामाला लागतो.

हर्ट यांच्या अहवालातले बहुतेक रायडर हेच करत होते. मागचा ब्रेक चाक घसरेपर्यंत दाबायचा आणि पुढचा ब्रेक नीट वापरायचा नाही. त्यातले ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. ही ओळ मी प्रथम वाचली तेव्हा मला कोपरावरची खूण निराळी दिसू लागली. मला जे कुणी शिकवलं नाही, त्याची ती नोंद आहे.

पडलेल्यांना मी कमी लेखत नाही. चांगले रायडरही पडतात, कधी रस्त्यावरच्या तेलामुळे, कधी दुसऱ्याच्या चुकीने. पण पडणं हे प्रमाणपत्र मानलं की न पडता चालवणाऱ्याचं कसब दिसेनासं होतं.

भीती ठाऊक नसावी

याला जोडूनच येतं ते जाकीट, हातमोजे, हेल्मेट म्हणजे घाबरटपणा, हे मत. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स यांना वेगाचं आणि मोटरसायकलींचं वेड होतं, त्यांच्याकडे एकामागून एक सात ब्रफ सुपीरिअर गाड्या झाल्या. मे १९३५ मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना ते पडले आणि डोक्याच्या मारामुळे सहा दिवसांनी गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. केर्न्स यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. लॉरेन्स खरे रायडर नव्हते, असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्या खरेपणाने त्यांचं डोकं वाचलं नाही.

भीतीचा मुद्दा यापेक्षा खोल आहे. भीती प्रत्येकाला वाटते, प्रश्न तेव्हा हात काय करतात हा असतो. वळणात वेग जास्त वाटला की हात आपसूक थ्रॉटल सोडतो, ब्रेक आवळतो, आणि नजर जिथे आदळू तिथेच खिळते. गाडी नजरेमागे जाते. दगडाकडे बघणारा दगडावरच जाऊन आपटतो. नजर उचलून वळणाच्या सुटण्याकडे नेणं आणि उजव्या वळणाला उजव्या मुठीवर पुढे दाब देणं, हे शरीराच्या ओढीविरुद्ध शिकावं लागतं.

त्या दाबाबद्दल थोडं सांगतो. वेगात असलेली दुचाकी उजवीकडे न्यायची तर हँडल आधी क्षणभर डावीकडे वळावं लागतं, मग गाडी उजवीकडे झुकते. सायकल बनवण्याच्या धंद्यातून विमानाकडे वळलेले विल्बर राइट यांनी हे हेरलं होतं. डावीकडे कसे वळता, असं त्यांनी अनेक सायकलस्वारांना विचारलं आणि एकालाही पहिल्या फटक्यात बरोबर सांगता आलं नाही. सगळे वळत होते, पण कसे ते ठाऊक नव्हतं. रोजच्या वळणाला तेवढं पुरतं. समोर अचानक मोटार आली आणि झटक्यात बाजूला व्हायचं असेल, तेव्हा न कळता आलेली गोष्ट हाताशी येत नाही. हर्ट यांच्या अहवालात तर असं वळून निसटण्याचं कौशल्य रायडरांत जवळपास नव्हतंच.

हजारो किलोमीटर हवेत

अनुभव लागतो, यात वाद नाही. मात्र हर्ट यांच्या अपघातग्रस्तांना रस्त्यावरचा साधारण तीन वर्षांचा अनुभव होता. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना ज्या गाडीवर अपघात झाला, ती चालवून पाच महिनेही झाले नव्हते. किलोमीटर जमले होते, या गाडीचा हात बसला नव्हता. चोवीस तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर चालवणाऱ्यांची नोंद ठेवणारी आयर्न बट असोसिएशन ही संस्थासुद्धा आपल्या लोकांना सांगते की झोप आली तर थांबा.

आणि तो पुरुष असतो

१९१६ मध्ये ऑगस्टा आणि अ‍ॅडेलिन व्हॅन ब्युरेन या बहिणी 'इंडियन' या अमेरिकी कंपनीच्या दोन मोटरसायकलींवरून अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला गेल्या. पुरुषी पोशाख घातला म्हणून वाटेत त्यांना पोलिसांनी अडवलं. लष्करात निरोप पोचवण्याचं काम बायका करू शकतात, हे त्यांना दाखवायचं होतं. त्या कामासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला. डिसेंबर १९३४ मध्ये थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेन्किरॉन ६०० सीसीच्या पँथर मोटरसायकलला साइडकार आणि मागे ट्रेलर जोडून लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून जुलै १९३५ मध्ये केपटाउनला पोचल्या. वाळूत रुतलेली ती सगळी गाडी त्यांनी हातांनी उपसून काढली आहे.

मग जाकिटातला दांडगा, बेफिकीर पुरुष हे चित्र आलं कुठून? त्यात मोठा वाटा एका छायाचित्राचा आहे. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी मोटरसायकलवाल्यांच्या मेळाव्यात गोंधळ झाला. 'लाइफ' साप्ताहिकाने गाडीवर रेललेल्या एका माणसाचं चित्र छापलं, भोवती बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचा खच. त्या बाटल्या चित्रासाठी गोळा करून मांडल्या होत्या, असं तिथे हजर असलेल्या एकाने पुढे सांगितलं. त्या चित्राची सावली अजून आपल्या यादीवर आहे.

यादीत नसलेली एक गोष्ट मी पाहिली आहे, तेवढी सांगतो. माझी मावशी २६ वर्षं स्कूटर चालवते, हल्ली ११० सीसीची. ती कधी पडलेली नाही. चौकात ती मोटारचालकाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, मोटारीच्या पुढच्या चाकाकडे बघते, कारण माणूस काय करणार हे चाक आधी सांगतं. मागच्या महिन्यात मी तिच्या मागे होतो, माझ्या मोठ्या गाडीवर. डावीकडे एक टेम्पो उभा होता. त्याच्या आडून मोटार बाहेर आली. ती मला दिसायच्या आधी मावशीच्या स्कूटरचा मागचा लाल दिवा लागलेला होता.