‘कसेही का होईना, जिंकलो ना!’ या युक्तिवादाचा प्रतिवाद

मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबने एखादा सामना 1-0 असा कसाबसा जिंकला, की सांगली-मिरजेतल्या चाहत्यांच्या मोबाइलवर ठरावीक आशयाचा एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे मात्र तेच राहतात. विजयाचे तीन गुण हे तीन गुणच असतात आणि ते कसे मिळवले हे गुणतक्त्यात लिहिलेले नसते. वाईट खेळूनही जिंकणे हीच विजेत्या संघाची खूण असते. गोल खाल्ला नाही, म्हणजे बचाव सुधारला. गेल्या वर्षी असा सामना आपण हरलो असतो. आणि शेवटी, जिंकल्यावरही चुका काढणारा खरा चाहता नव्हे. मी याच संघाचा चाहता आहे आणि मिरजेत संध्याकाळी शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. ही मुले तो मजकूर वाचतात, खरा मानतात आणि आपल्या सामन्यानंतर तीच वाक्ये मला ऐकवतात. म्हणूनच त्यातल्या मुद्द्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

चर्चा हवेत राहू नये यासाठी एक सामना समोर ठेवतो. 14 ऑगस्ट 2023 रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडची गाठ वुल्व्हरहॅम्प्टनशी (म्हणजे वुल्व्ह्जशी) पडली. आपल्याकडे हा सामना मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला आणि संपला तेव्हा 15 ऑगस्टची पहाट जवळ आली होती. वुल्व्ह्जचे प्रशिक्षक हंगामाच्या तोंडावर पद सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या गॅरी ओ'नील यांना संघाबरोबर आठवडाही मिळालेला नव्हता. तरीही या संघाने युनायटेडच्या घरच्या मैदानावर गोलच्या दिशेने 23 फटके मारले. 76व्या मिनिटाला वान-बिसाकाच्या पासवर राफाएल वरानने हेडर मारून सामन्यातला एकमेव गोल केला. भरपाईच्या वेळेत युनायटेडचा गोलरक्षक ओनाना उंच चेंडूसाठी झेपावला, चेंडू त्याला मिळाला नाही आणि तो स्वतः थेट वुल्व्ह्जच्या कालाइजिचवर आदळला. पंचांनी पेनल्टी दिली नाही. ती द्यायला हवी होती हे पंचांच्या व्यवस्थापनाने आपल्याजवळ मान्य करून माफी मागितली, असे ओ'नील यांनी सामन्यानंतर जाहीरपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मात्र ‘जिद्दीचा विजय’ या मथळ्याखाली जमेच्या बाजूंची यादी फिरत होती.

आता पहिला मुद्दा. विजय कसा मिळवला हे गुणतक्त्यात लिहिलेले नसते, हे विधान मुळात चुकीचे आहे. गुणांच्या रकान्याशेजारीच गोलफरकाचा, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून येणाऱ्या आकड्याचा, रकाना असतो आणि तो वाचण्याची तसदी घेतली तर संघाची खरी प्रकृती त्यात बऱ्याच अंशी दिसते. त्या हंगामात पहिल्या 12 सामन्यांपैकी 7 सामने युनायटेडने जिंकले. वुल्व्ह्ज, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, बर्नली, ब्रेंटफर्ड, शेफील्ड युनायटेड, फुलहॅम आणि ल्युटन या संघांविरुद्धचे हे सातही विजय प्रत्येकी एकाच गोलाच्या फरकाने मिळालेले होते. ब्रेंटफर्डविरुद्ध मॅकटॉमिनेने भरपाईच्या वेळेत दोन गोल केले नसते तर तो सामना हातचा गेला होता, आणि फुलहॅमविरुद्ध ब्रुनो फर्नांडिसचा गोलही 90 मिनिटे उलटून गेल्यावर झाला. उरलेले 5 सामने टॉटनहॅम, आर्सेनल, ब्रायटन, क्रिस्टल पॅलेस आणि मँचेस्टर सिटी यांनी जिंकले. बेरीज केली तर 13 गोल केले आणि 16 खाल्ले. 21 गुण मिळवलेल्या संघाचा गोलफरक उणे 3 होता. ज्यांनी फक्त गुण पाहिले त्यांना हा संघ पहिल्या चारांच्या आसपास घुटमळताना दिसला. ज्यांनी शेजारचा रकाना पाहिला त्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज नोव्हेंबरातच आला. हंगामाअखेर युनायटेड 60 गुणांसह आठव्या स्थानावर राहिला. त्याने 57 गोल केले होते आणि 58 खाल्ले होते. प्रीमियर लीग ही इंग्लंडमधली सर्वोच्च साखळी स्पर्धा सुरू झाल्यापासून या क्लबचा गोलफरक उणे राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

तीन गुणांचे मोल मी नाकारत नाही. खेळ फसलेल्या दिवशी मिळालेले गुणही शेवटच्या हिशेबात धरले जातात. माझा आक्षेप आहे तो त्या गुणांवरून पुढचे भाकीत करण्याला. न्यूकॅसलने 2011-12 मध्ये 65 गुण मिळवून पाचवे स्थान पटकावले तेव्हा त्यांचा गोलफरक अवघा अधिक 5 होता. पुढच्याच हंगामात तो संघ 41 गुणांसह सोळाव्या स्थानी घसरला. दुखापती आणि युरोपातल्या स्पर्धेचा ताण ही त्यामागची कारणे होतीच, पण पाचवे स्थान किती तकलादू पायावर उभे आहे हे आधीच्या वर्षीच्या तक्त्यातही दिसत होते.

दुसरा मुद्दा सर्वांत जास्त फिरतो आणि तोच सर्वांत फसवा आहे. विजेते संघ वाईट खेळूनही जिंकतात, म्हणून वाईट खेळून जिंकणारा संघ विजेता होणार, असे हे तर्कशास्त्र आहे. विजेते संघ वाईट दिवशीही जिंकतात हे खरे असले, तरी त्यावरून उलट दिशेचा निष्कर्ष निघत नाही. लिव्हरपूलचे उदाहरण या मजकुरात हमखास असते. 28 सप्टेंबर 2019 रोजी शेफील्ड युनायटेडच्या मैदानावर विनाल्डमचा साधा फटका गोलरक्षक हेंडरसनच्या पायांमधून निसटला, लिव्हरपूल 1-0 असा जिंकला आणि त्या हंगामात विजेताही झाला. हे सगळे खरे आहे. पण तो संघ आधीच्या हंगामात 97 गुण मिळवून आणि युरोपचा विजेता होऊन तिथे आला होता, आणि 2019-20 हंगामाच्या शेवटी त्याच्या नावावर 99 गुण, 85 गोल आणि खाल्लेले अवघे 33 गोल होते. शेफील्डमधली ती दुपार त्याच्या हंगामातला अपवाद होती. आपल्या संघाच्या हंगामात तशा दुपारी हाच नियम होता. अपवाद आणि नियम यांना एकाच तागडीत घालून आपण स्वतःचीच फसवणूक करतो.

दुसरे आवडते उदाहरण लेस्टरचे. 2016 च्या मार्च महिन्यात आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी वॉटफर्ड, न्यूकॅसल, क्रिस्टल पॅलेस आणि साउदॅम्प्टन यांना लागोपाठ 1-0 असे हरवले आणि अखेर विजेतेपद मिळवले. मात्र ते सामने लेस्टरने नशिबाच्या भरवशावर काढले नव्हते. मॉर्गन आणि हूथ गोलसमोर ठाण मांडून होते, त्यांच्यापुढे कांते चेंडू हिसकावत होता आणि चेंडू मिळताच वार्डीच्या धावेवर प्रतिहल्ला होत होता. आघाडी कशी टिकवायची याची रीत ठरलेली होती आणि ती दर आठवड्याला तशीच दिसत होती. 1-0 हा आकडा दोन्हीकडे सारखा आहे म्हणून त्यामागचा खेळ सारखा ठरत नाही. वुल्व्ह्जविरुद्ध युनायटेडची आघाडीची फळी दबाव टाकायला पुढे जात होती, बचावफळी मागेच राहत होती, आणि मधल्या मोकळ्या मैदानात कासेमिरो एकटा धावत होता. चेंडू हिसकावला की वुल्व्ह्ज सरळ त्या पोकळीतून गोलपर्यंत पोहोचत होते. ही पोकळी त्या रात्रीपुरती नव्हती; पुढच्या मे महिन्यापर्यंत ती प्रत्येक प्रतिस्पर्ध्याने वापरली.

बाद फेरीच्या स्पर्धांची गोष्ट थोडी वेगळी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तिथे सामने थोडे असतात आणि दैव चार-सहा आठवडे साथ देऊ शकते. 2012 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बायर्नला 20 कॉर्नर मिळाले आणि चेल्सीला एकच मिळाला. त्या एकावर द्रोग्बाने बरोबरी साधली आणि चेल्सीने पेनल्टींवर चषक जिंकला. त्याच हंगामात लीगमध्ये चेल्सी सहावा होता. युनायटेडनेही मे 2024 मध्ये सिटीला 2-1 असे हरवून एफए कप जिंकला, तो आनंद मीही मनापासून घेतला. पण 38 सामन्यांच्या लीगमध्ये दैवाची ही साथ पुरत नाही, आणि आपल्याकडे फिरणारा मजकूर लीगबद्दलच बोलत असतो.

क्लीन शीटच्या, म्हणजे गोल न खाता सामना संपवण्याच्या, मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. गोल न खाणे आणि गोलची संधी न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 23 फटके झेलून शून्यावर सुटलेल्या बचावाला त्या रात्रीपुरते गोलरक्षकाने, प्रतिस्पर्ध्याच्या चुकलेल्या नेमाने आणि पंचांच्या एका निर्णयाने तारले. त्यानंतर पाच दिवसांनी टॉटनहॅमविरुद्ध युनायटेडने दोन गोल खाल्ले, आणि पुढच्या आठवड्यात घरच्याच मैदानावर फॉरेस्टने पहिल्या चार मिनिटांत दोन गोल केले.

‘गेल्या वर्षी असा सामना हरलो असतो’ हे वाक्य लिहिणाऱ्याने गेले वर्ष तपासलेलेच नसते. मे 2023 मध्ये, म्हणजे त्या सामन्याच्या तीनच महिने आधी, याच मैदानावर याच वुल्व्ह्जला युनायटेडने 2-0 असे हरवले होते. सुरुवात विजयाने झाली ही प्रगती, असेही म्हटले गेले, कारण 2022-23 चा हंगाम ब्रायटनविरुद्धच्या पराभवाने सुरू झाला होता आणि पाठोपाठ ब्रेंटफर्डने 4-0 असा धुव्वा उडवला होता. पण त्या हंगामात संघ 75 गुणांसह तिसरा आला, आणि विजयाने सुरू झालेल्या हंगामात आठवा. त्याच्या पुढचा हंगामही 16 ऑगस्ट 2024 रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर 1-0 अशाच विजयाने सुरू झाला. फुलहॅमविरुद्ध झिर्कझीने 87व्या मिनिटाला गोल केला आणि तोच मजकूर जवळजवळ शब्दशः पुन्हा आला. ऑक्टोबर संपण्याआधी एरिक टेन हाग यांना प्रशिक्षकपद गमवावे लागले आणि संघ 42 गुणांसह पंधराव्या स्थानावर राहिला.

हे फक्त परदेशी क्लबच्या बाबतीत घडते असे नाही. 16 नोव्हेंबर 2023 रोजी विश्वचषक पात्रता फेरीत भारताने कुवेतला त्यांच्या देशात 1-0 असे हरवले आणि मनवीर सिंगच्या त्या गोलनंतर भारत तिसऱ्या फेरीत गेलाच असे सगळीकडे लिहिले जाऊ लागले. तो विजय वाईट नव्हता, परदेशात गुण मिळवणे सोपे नसते. पण गोल करण्याची अडचण त्या विजयाने सुटली नव्हती. जानेवारीत आशिया चषकातले तिन्ही सामने भारताने एकही गोल न करता गमावले, मार्चमध्ये अफगाणिस्तानने गुवाहाटीत 2-1 असे हरवले, जूनमध्ये कोलकात्यात सुनील छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात त्याच कुवेतने गोलशून्य बरोबरीत रोखले आणि पाच दिवसांनी कतारकडून 2-1 असे हरल्यावर पात्रतेचा मार्ग बंद झाला. भारताचा पुढचा विजय मार्च 2025 मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध आला, तोही निवृत्तीतून परत बोलावलेल्या छेत्रीला घेऊन. पहिल्या विजयानंतर गोलच्या दुष्काळावर जे बोलायचे होते ते बहुतेकांनी पराभवांनंतर बोलायला घेतले, आणि तोवर उशीर झाला होता.

राहता राहिला निष्ठेचा आरोप. जिंकल्यावर चुका पाहणे म्हणजे संघाशी बेइमानी, हे निदान सांगलीच्या माणसाने तरी म्हणू नये. भाऊसाहेब पडसलगीकरांचे आणि नूतन बुद्धिबळ मंडळाचे हे गाव आहे. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे इथूनच पुढे गेल्या. बुद्धिबळात डाव संपला की जिंकणारा आणि हरणारा दोघेही पट पुन्हा मांडून बसतात, आणि आपण चांगल्या चालींनी जिंकलो की समोरच्याने घोडचूक केली म्हणून जिंकलो, हे जिंकणाराच अधिक बारकाईने तपासतो. त्याला कोणी आपल्या विजयाचा वैरी म्हणत नाही. माझ्या मैदानावरच्या मुलांनाही मी हेच सांगतो, आणि सामना जिंकल्यावर त्यांना पहिला प्रश्न विचारतो तो समोरच्या संघाला किती वेळा आपल्या गोलसमोर मोकळे सोडले याचा. सुरुवातीला त्यांना वाईट वाटते. पण पुढच्या सामन्यात मधल्या फळीतला मुलगा परत धावत येताना दिसतो, तेव्हा त्याला बोलल्याचे सार्थक होते.

जमेची बाजू शोधू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. ती एका रात्रीच्या निकालात न शोधता पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या खेळात शोधावी, एवढाच आग्रह आहे. त्या हंगामात युनायटेडला अशी एक खरी जमेची बाजू मिळालीही. कॉबी मेनू हा 18 वर्षांचा मुलगा दुखापतीमुळे वुल्व्ह्जविरुद्ध खेळू शकला नव्हता. 26 नोव्हेंबर 2023 रोजी एव्हर्टनविरुद्ध त्याला लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून संधी मिळाली, आणि जिथे ऑगस्टपासून मोकळे मैदान पडले होते तिथे तो अंगावर माणसे असतानाही चेंडू शांतपणे घेऊ लागला, वळू लागला आणि पुढे देऊ लागला. आठवड्यामागून आठवडे ते दिसत राहिले. त्याच हंगामाच्या शेवटी वेम्बलीवर सिटीविरुद्धच्या अंतिम सामन्यात युनायटेडचा दुसरा गोल त्यानेच केला.