दिसला, दिसला!

पक्षीनिरीक्षणात पक्षी शोधण्यापेक्षा तो दिसला नाही हे कबूल करणे अधिक अवघड असते, याचा साक्षात्कार मला ऐन उन्हाळ्यात, पाणथळीच्या काठी घोट्यापर्यंत चिखलात रुतलेला असताना झाला.

"तो वंचकच ना? त्या वाळक्या काडीच्या डावीकडे बघा," मला तिथे घेऊन गेलेले स्नेही कुजबुजले. वंचक म्हणजे एक छोटा बगळा, एवढे मला ठाऊक होते; पण समोर हजारभर काड्या होत्या आणि झाडून सगळ्या वाळक्या होत्या. मी ८ बाय ४२ची दुर्बीण डोळ्यांना लावली, तेव्हा त्याच काड्या आठपट मोठ्या झाल्या, आणि तेवढ्यात घामाच्या वाफेने भिंगे धूसर झाल्यामुळे त्याही गेल्या. "दिसला का?" हा प्रश्न तीनदा येऊन गेल्यावर चौथ्यांदा तो विचारायला लावणे मला प्रशस्त वाटेना.

"दिसला, दिसला!"

"मान आखडलेली आहे की ताणलेली?"

ही उलटतपासणी मला अपेक्षित नव्हती. "आखडलेली," मी ठोकून दिले. त्यांनी वहीत नोंद केली.

मग मी जेमतेम एक पाऊल उचलले, तर माझ्या उजव्या पायापासून दोन हातांवरचा चिखल अकस्मात पंख पसरून उडाला. बसलेला वंचक चिखलाच्या रंगाचा असतो आणि उडाला की पांढराशुभ्र दिसतो, हे मी पुस्तकात वाचले होते. पण त्यामुळे वाचकाचे पाय लटपटतात, हे त्यात नव्हते.

"वा, हा दुसरा!" स्नेही म्हणाले.

पुढे एका टिटवीने आमच्या नावाने असा काही शंख केला की पाणथळीतल्या यच्चयावत जिवांना आमचे आगमन कळले. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि कडक उन्हात पोटाची पिसे भिजवून आणून ती गार ठेवते. एवढा खटाटोप करणारीला पाहुणे कसे खपावेत? आम्ही मुकाट्याने मागे फिरलो.

दुपारी पक्षी सावलीला गेले आणि आम्ही किड्यांकडे वळलो. पंख पसरून बसतो तो चतुर आणि बहुधा पाठीवर मिटून बसते ती टाचणी, एवढे ज्ञान मिळवून मी हाताच्या अंतरावरच्या एका लाल चतुराकडे दुर्बीण रोखली, तर निव्वळ लाल धुके दिसले. इतक्या जवळचे दुर्बिणीला दिसत नाही, हे मला फार उशिरा सांगण्यात आले. ती खाली घेतल्यावर मात्र शेपटी थेट सूर्याकडे उभारून शीर्षासनात असलेला तो चतुर स्पष्ट दिसला. अशाने अंगावर ऊन कमी पडते म्हणे. मला शेपटी नसल्यामुळे मी टोपीवर भागवले. चतुर डास खातात, असेही स्नेह्यांनी सांगितले. माझ्या कानांभोवतीचे डास बहुधा त्यांनी खाऊन उरलेले असावेत.

निघताना त्यांनी वही उघडली. "वंचक दोन," ते समाधानाने म्हणाले. "खरे सांगू का, पहिला मला काही नीट दिसला नव्हता हो. तुम्ही मान आखडलेली म्हणालात, म्हणून लिहिला."