तेल बिलावर घातलं की पुरे

मोटरसायकलच्या क्लच-एक्सिलेटरच्या वायरींना (म्हणजे केबलींना) तेल घालायचं खूळ तुमच्या डोक्यात असेल तर आधी ते काढा. क्लच जड झालाय? होऊ द्या. डाव्या पंजाला व्यायाम होतो, जिमचे पैसे वाचतात.

एक्सिलेटर सोडल्यावर मागे येत नाही? क्रूझ कंट्रोल फुकट मिळाला समजा.

गाडी धुताना पाण्याचा फवारा नेमका लिव्हरच्या फटीत मारून घ्या. आत होतं नव्हतं ते तेल निघून जातं आणि पाणी मुक्कामाला येतं. अगदीच राहवलं नाही तर वायरीला बाहेरून घट्ट ग्रीस फासा. आत ते जातच नाही, पण आमच्या सोलापुरातल्या होटगी रोडची धूळ त्यात अशी मिसळते, जशी तेलात कालवलेली शेंगाचटणी.

सर्व्हिसिंगला गाडी टाकलीत की बिलावर ‘केबल ऑइलिंग’ अशी ओळ आहे ना, एवढंच बघा आणि निर्धास्त व्हा.

मीही झालो होतो. मागच्या आठवड्यात सात रस्त्याच्या सिग्नलला उभा होतो. दुपारचे दोन, ऊन 42 अंश, मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर पाहुण्यांना द्यायच्या दोन चादरी. सिग्नल सुटायच्या बेतात पहिला गिअर टाकला आणि कट्! लिव्हर हातात लुळा. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. सासूबाईंनी कुलदैवताला हाक मारली. मागून आवाज आला, “काय बे, झोपला का?” तिथून रंगभवनपर्यंत मी गाडी ढकलतोय आणि मागून सासूबाई चादरी घेऊन चालतायत. जावयाची किंमत किती उरली असेल ते विचारू नका.

तिथल्या मिस्त्रीनं तार ओढून काढली. कोरडी ठणठणीत, तांबडी, निप्पलपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या बोंडाशी, तुटलेली. लिव्हर दाबला की निप्पल जागेवर फिरायला हवा. तो सुकून अडकला, की प्रत्येक वेळी तार त्याच जागी वाकते आणि एकेक पदर तुटत जातो. महिन्यापूर्वीच्या ‘ऑइलिंग’चा एक थेंब आत नव्हता. बिल घेऊन गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, “वायर वॉरंटीत येत नाही, सर.”

अरे, वॉरंटी कुणी मागितली? तेल घातल्याचे पैसे घेतलेत ना? काम तरी केवढं? वरचं टोक लिव्हरमधून सोडवायचं, आउटरच्या, म्हणजे तारेवरच्या नळीच्या, तोंडाला प्लास्टिकच्या कागदाचा कोन बांधायचा, पातळ तेल ओतायचं, खालच्या टोकाला तेल दिसेपर्यंत तार मागेपुढे करायची. निप्पलला थोडं ग्रीस. परत जोडून लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी ढील ठेवायची. (काही वायरींना आतून अस्तर असतं, त्यांना कंपनी तेल नको म्हणते. पण त्यासाठी गाडीचं पुस्तक उघडावं लागतं.) जेमतेम पंधरा मिनिटं! आणि ते क्रूझ कंट्रोलचं वर म्हणालो ना, ते विसरा. क्लचची वायर तुटली तर माणूस चालत घरी जातो. एक्सिलेटरची अडकली तर चालायला शिल्लक राहीलच असं नाही. फुकट पैसे खाताना हे आठवत नाही का रे?

आणि तुम्ही हसताय काय? तुमच्याही वायरीचा एक पदर सुटून बोटाला टोचतोय, आणि तुम्ही जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपासून ‘चालतंय की’ म्हणत फिरताय. उतरा खाली. बघा तो लिव्हर.